मातीला तरी पात्र-अपात्र नको

प्रति,
मराठी मंडळ्यांचे आदरणीय पाळक, वडील, डीकन आणि दफनभूमी समित्यांचे पंच यांस,

प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावात सलाम.

आपल्या मंडळीतल्या कोणी आत्महत्या केली, तर त्याचं दफन इतरांसारखंच व्हावं. घंटा वाजावी, पेटी देवळात यावी, पाळकांनी झगा घालून पूर्ण विधी चालवावा आणि कबर त्याच्या आईबापाच्या शेजारी खणावी. एवढ्या मागणीसाठी हे पत्र लिहिते आहे. मागणी लहान दिसेल. पण तिच्या आड येणारी, आत्महत्या करणाऱ्याला पूर्ण ख्रिस्ती दफन नाही ही समजूत आपण पिढ्यान्‌पिढ्या प्रश्न न विचारता बाळगली आहे, आणि ती आता चारचौघांत तपासायला हवी असं मला मनापासून वाटतं.

मी परिचारिका होते. नोकरीची बहुतेक वर्षं मराठवाड्यातल्या आणि नगरकडच्या दवाखान्यांत गेली. जीव द्यायला निघालेली पुष्कळ माणसं मी पाहिली. काही हातातून गेली, बरीच वाचली. वाचलेल्यांत जी आपल्या मंडळ्यांतली असत, ती शुद्धीवर आल्यावर हळूच विचारत, ‘सिस्टर, पाळकसाहेबांना कळलं का?’ सावकाराचं, मुकादमाचं नाव मागून यायचं, पाळकांचं आधी. एका बाईने माझा हात घट्ट धरून विनवलं होतं, की कागदावर अपघात लिहा, नाहीतर आमच्या माणसाला देवळात पुन्हा उभं राहता येणार नाही. दुःख घेऊन जिथे सगळ्यांत आधी जावं, त्याच दाराची या माणसांना धास्ती होती. ही धास्ती आली कुठून याचा शोध मी निवृत्तीनंतर जमेल तसा घेतला, आणि जे हाती लागलं ते आपल्यापुढे ठेवते आहे.

पण त्याआधी एक माती सांगते. गाव सांगणार नाही, मंडळीचं नावही नाही. मुलगा पंचविशीतला, ऊसतोडीला जाणारा, अंगावर मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे. दफनभूमीच्या फाटकाशी वडीलमंडळींची कुजबुज चालली होती. मुलाची आई तिथेच खाली बसलेली, मांडीवर प्लास्टिकची पिशवी. पिशवीत मुलाचा बाप्तिस्म्याचा दाखला, दृढीकरणाचा दाखला, संडे स्कूलच्या परीक्षेचं प्रशस्तिपत्र आणि वर्गणीच्या पावत्या, रबर बँड लावून ठेवलेल्या. कोणी काही मागितलं नव्हतं, तरी ती एकेक कागद काढून समितीच्या माणसापुढे धरत होती. शेवटी ठरलं ते असं: मागच्या कुंपणाला लागून बाभळीखाली जागा, घंटा नाही, देवळात नेणं नाही, पाळक साध्या कपड्यांत एक प्रार्थना करतील. प्रार्थना दोन मिनिटांत आटोपली. तिच्यात मुलाचं नावदेखील नव्हतं. बायकांनी गीत धरलं, तेव्हा एकाने हातानेच ‘नको’ केलं. मुलाच्या बापाची कबर फाटकातून आत गेल्यावर सरळ वाटेवरच होती, आणि तिच्या शेजारची जागा रिकामी होती.

ते पाळक दुष्ट नव्हते. आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढणारा माणूस तो. त्यांना जे शिकवलं गेलं होतं, तेच त्यांनी केलं. म्हणून मला त्या एका माणसाशी भांडायचं नाही, त्यांच्यापर्यंत आलेल्या शिकवणीबद्दल बोलायचं आहे. आपल्यातले कितीतरी पाळक आज कोणाला न विचारता पूर्ण विधी करतात, हेही मला ठाऊक आहे. पण ते पाळकांच्या मर्जीवर आणि कमिटीतल्या वजनदार माणसावर अवलंबून राहतं. बदली झाली की रीत बदलते. घरच्यांनी कोणाकडे दाद मागायची?

आता पवित्र शास्त्र पाहू, कारण फाटकाशी बोलणारा प्रत्येक जण शास्त्राचंच नाव घेतो. शास्त्रात स्वतःचं आयुष्य संपवणाऱ्यांच्या सहा-सात हकिकती आहेत: अबीमलेख, शमशोन, शौल आणि त्याचा शस्त्रवाहक, अहीथोफेल, जिम्री, यहूदा इस्कर्योत. यांतल्या एकाच्याही बाबतीत ‘याला माती देऊ नका’ असं वचन नाही. शमशोनाचे भाऊबंद आणि त्याच्या बापाचं सगळं घराणं खाली आलं, त्याला घेऊन गेलं आणि त्याचा बाप मानोहा याच्या कबरेत त्याला पुरलं. पुढे इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात तोच शमशोन विश्वासवीरांच्या यादीत बसला आहे. अहीथोफेल दाविदाशी फितूर झालेला माणूस. त्याने घराची निरवानिरव केली, मग जीव दिला, आणि त्यालाही त्याच्या बापाच्या कबरेत जागा मिळाली. बापाची कबर, दोघांनाही.

राजा शौलाचं तर विचारूच नका. पलिष्ट्यांनी त्याचं प्रेत बेथ-शानच्या तटाला टांगलं होतं. याबेश-गिलादच्या लोकांना एकेकाळी याच शौलाने अम्मोन्यांच्या तावडीतून सोडवलं होतं. तिथले शूर पुरुष उठले, रातोरात चालत गेले, शौलाचं प्रेत आणि त्याच्या मुलांची प्रेतं तटावरून उतरवून आणली, अस्थी आपल्या गावच्या झाडाखाली पुरल्या आणि सात दिवस उपास केला. शौल मेला कसा, हे त्यांना माहीत नव्हतं असं धरायला काही आधार नाही. आणि दाविदाने काय केलं? ज्याने आयुष्यभर आपल्या जिवावर टपून वैर धरलं, त्याच्यासाठी त्याने विलापगीत रचलं आणि याबेशकरांना निरोप धाडला, की तुम्ही आपल्या धन्यावर दया केलीत, परमेश्वर तुमचं भलं करो. मूठमातीला दाविदाने दया म्हटलं आहे. ती मंडळीने देण्या-न देण्याची मेहेरबानी कधी झाली?

मग ही बंदी आली कुठून? जुन्या काळातला बिशप आणि धर्मपंडित ऑगस्टीन याच्यापासून सुरुवात करावी लागते. इ. स. ४१० मध्ये गॉथ टोळ्यांनी रोम लुटलं, तेव्हा अनेक ख्रिस्ती स्त्रियांवर अत्याचार झाले. काहींनी लाजेखातर जीव दिला, आणि ज्या जगल्या त्यांच्याकडे लोक बोटं दाखवू लागले, की यांनी का नाही दिला? त्या जगलेल्या स्त्रियांच्या बाजूने ऑगस्टीन उभा राहिला. अत्याचार दुसऱ्याने केला, दोष दुसऱ्याचा, तुम्हाला मरायचं काही कारण नाही, असं त्याने ठासून लिहिलं आणि ‘खून करू नको’ ही आज्ञा स्वतःच्या जिवालाही लावली. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले. गांजलेल्या बाईने जगावं म्हणून मांडलेला हा विचार होता! त्यातही शमशोनाचं काय करायचं हा पेच ऑगस्टीनला पडलाच, आणि त्याला देवाची गुप्त आज्ञा झाली असणार असं म्हणून त्याने तो सोडवला.

पुढच्या शतकांत या विचारातला जिव्हाळा गेला आणि नियम तेवढा उरला. सहाव्या शतकात आजच्या पोर्तुगालमधल्या ब्रागा इथल्या धर्मसभेने असं ठरवलं, की अशा मृतांचं स्मरण उपासनेत करू नये आणि त्यांची प्रेतं स्तोत्रं गात नेऊ नयेत. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या धर्मपंडिताने त्याला तर्काची बैठक दिली: आत्महत्या निसर्गाविरुद्ध, समाजाविरुद्ध आणि जीवनाचा धनी असलेल्या देवाविरुद्ध. इंग्लंडमध्ये अशा माणसाला चव्हाट्यावर, चौरस्त्यात पुरायची चाल होती. १८२३ च्या कायद्याने ती थांबली, पण चर्चच्या आवारात पुरायचं ते रात्री ९ ते १२ या वेळातच आणि विधीविना. ती अटही १८८२ साली गेली. १६६२ च्या अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या, प्रार्थनापुस्तकात दफनविधीच्या माथ्यावरच सूचना छापली आहे, की बाप्तिस्मा न झालेले, बहिष्कृत आणि स्वतःवर हात टाकलेले यांच्यासाठी हा विधी वापरू नये.

ते प्रार्थनापुस्तक मिशनऱ्यांच्या पेटाऱ्यातून आपल्याकडे आलं. त्यांनी शाळा आणल्या, दवाखाने आणले, त्यांच्याचमुळे माझ्या आजीच्या हातात पाटी आली. त्या ऋणातून मी उतराई होऊ पाहत नाही. पण इंग्लंडातल्या चव्हाट्यावरच्या कबरांची भीतीही त्याच पेटाऱ्यातून आली, आणि गंमत अशी नव्हे तर दुःख असं, की ज्यांनी ती पाठवली त्यांनी ती सोडून दिली. चर्च ऑफ इंग्लंडच्या जनरल सिनॉडने, म्हणजे तिथल्या सर्वोच्च सभेने, २०१५ साली हा नियम बदलण्याच्या बाजूने मत दिलं. रोमन कॅथोलिक मंडळीच्या १९१७ च्या धर्मसंहितेत आत्महत्या करणाऱ्याला ख्रिस्ती दफन नाकारण्याची तरतूद होती, ती १९८३ च्या संहितेत उरली नाही. त्यांच्या धर्मशिक्षणग्रंथात स्पष्ट म्हटलं आहे, की मनाचे गंभीर आजार, वेदना, भीती यांनी माणसाची जबाबदारी कमी होते आणि अशांच्या तारणाविषयी आशा सोडू नये. १९७० साली नागपूरला निरनिराळ्या परंपरांच्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभी राहिली. इतकी मोठी उलथापालथ आपण पचवली, मग कुंपणालगतचा हा कोपरा तेवढा का जपून ठेवला?

‘पूर्वजांनी सांगितलेलं मोडायचं का?’ असं विचारणाऱ्या वडिलांना मी पंडिता रमाबाईंची आठवण देते. १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांना शिकवणाऱ्या धर्मभगिनींनी मुकाट मान तुकवायला सांगितलं, तेव्हा रमाबाईंनी कळवलं, की पुरोहितांचं जू मी मोठ्या कष्टाने उतरवलं आहे, दुसरं तसलंच जू मानेवर घेणार नाही. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ हा मिशनच्या चौकटीबाहेरचा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. ख्रिस्तावरचा विश्वास घट्ट धरायचा आणि माणसांनी घातलेल्या चौकटी तपासायच्या, ही आपल्या मराठी मंडळीची जुनी वाट आहे.

फाटकाशी नेहमी ऐकू येणारं वचन म्हणजे करिंथकरांस पहिलं पत्र, तिसरा अध्याय: देवाच्या मंदिराचा जो नाश करतो त्याचा देव नाश करील. हे वचन मातीच्या वेळी म्हणणाऱ्या भावांनी तो अध्याय पहिल्या ओळीपासून वाचावा. मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा, असे तट पडून करिंथची मंडळी फुटायला लागली होती, त्या भांडकुदळांना पौल खडसावतो आहे. मंदिर म्हणजे तिथे अख्खी मंडळी. तिच्यात फूट पाडणाऱ्याला दिलेला तो इशारा आपण एका मेलेल्या पोराच्या आईला ऐकवतो.

दुसरा मुद्दा पश्चात्तापाचा. ‘शेवटचं पाप कबूल करायला त्याला वेळच मिळाला नाही.’ मी दवाखान्यात शेकडो मरणं पाहिली आहेत. भावाशी कोर्टात भांडत असलेला माणूस झोपेत जातो, हृदय बंद पडून जातो, दारूच्या नशेत गाडीखाली येतो. त्यांच्या शेवटच्या घटकेचा हिशेब कोणी मागत नाही. त्यांच्यासाठी घंटा वाजते, आणि वाजायलाच हवी. आपलं तारण आपल्या शेवटच्या श्वासातल्या शब्दांवर टांगलेलं आहे, असं आपण खरंच मानतो का? रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौल म्हणतो, ख्रिस्त येशूमधल्या देवाच्या प्रीतीपासून आपल्याला मरणही वेगळं करू शकणार नाही. त्या ओळीखाली त्याने कोणत्याही प्रकारच्या मरणाचा अपवाद लिहिलेला नाही.

तिसरा मुद्दा मी गंभीरपणे घेते, कारण तो वाईट मनातून येत नाही. ‘विधी दिला तर लोकांना मोकळीक मिळेल, धाक राहणार नाही.’ माझा अनुभव सांगते. त्या घटकेला माणसाला दफनभूमीचा कोपरा आठवत नाही. त्याला फक्त हे दुखणं थांबवायचं असतं. धाक लागतो तो त्याआधी, आणि तो उलटा लागतो. झोप उडालेली असते, पोटात अन्न जात नसतं, मनात नको ते विचार येत असतात, पण बोलायचं कोणाशी? मनात असं आलं हे सांगणंही पापाची कबुली ठरतं. म्हणून माणूस गप्प बसतो, घरचे गप्प बसतात, आणि पुढे मागे राहिलेली बायको-मुलं तर कायमची गप्प होतात. ज्या घरात एकदा हे घडतं, त्या घरातल्या इतरांची जास्त काळजी घ्यावी लागते, हे आम्हाला नोकरीत शिकवलं जायचं. नेमक्या त्याच घराकडे आपण पाठ फिरवतो.

एलीया संदेष्ट्याची गोष्ट आठवा. रतामाच्या झुडपाखाली बसून तो म्हणाला, परमेश्वरा, आता पुरे, माझा प्राण घे. देवाने त्याला फटकारलं नाही. त्याला झोपू दिलं. दूताने येऊन उठवलं, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं उशाशी ठेवलं. तो खाऊन पुन्हा झोपला, तेव्हा दूत पुन्हा आला, ‘ऊठ, खा, तुला लांब जायचं आहे.’ काम सांगितलं ते फार नंतर. मी परिचारिका म्हणून सांगते, याहून चांगली शुश्रूषा मला कोणी शिकवली नाही.

आणि हे सगळं आजच का? २०२२ या एका वर्षात देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांतल्या २२,७४६ महाराष्ट्रातल्या, इतर कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. शेतीवर जगणाऱ्या ११,२९० जणांनी त्या वर्षी जीव दिला, त्यांतले ४,२४८ आपल्या राज्यातले. देशाच्या त्या आकड्यात ६,०८३ शेतमजूर होते, म्हणजे जमीनवाल्यांपेक्षा जास्त. आपल्या खेड्यापाड्यांतल्या मंडळ्यांत जमीनवाले किती आणि रोजंदारीवर, तोडीवर जाणारे किती, हे मी आपल्याला सांगायला नको. सरकार शेतकरी आत्महत्येत कुटुंबाला १ लाख रुपये देतं, पण आधी पंचनामा, मग कर्जाचे कागद, सातबारा, आणि मग समिती शेरा मारते: पात्र किंवा अपात्र. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्याचं मरण बहुधा यादीत येतच नाही. त्या बाईच्या पिशवीतले कागद मला म्हणूनच विसरता येत नाहीत. तहसीलसारखाच शेरा देवळाच्या फाटकातही मारतात, असं तिने धरूनच ठेवलं होतं, आणि आपण ते खरं करून दाखवलं.

कायदादेखील पुढे गेला. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सांगितलं, की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरून चालावं आणि सरकारने त्याची काळजी घ्यावी, उपचार करावेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, जुन्या दंड संहितेच्या ३०९ कलमातला आत्महत्येच्या प्रयत्नाचा सरसकट गुन्हाही राहिला नाही. पोलीस ठाण्यात जे ओझं उतरलं, ते वधस्तंभाखाली उतरू नये?

आत्महत्या बरी, असं मी म्हणत नाही. वाचवता आलं असतं असा प्रत्येक चेहरा माझ्या डोळ्यांसमोर आहे. म्हणून पाळकांना एक वेगळी विनंती. अशा दफनाच्या वेळी उपदेशात मरणाची रीत वर्णू नका, एकच कारण बोट दाखवून सांगू नका, आणि ‘सुटला बिचारा’, ‘घरच्यांसाठी त्याग केला’ असंही म्हणू नका. समोर बसलेल्या गर्दीत तशाच विचारात असलेला कोणीतरी ते ऐकत असतो. त्या माणसाचं जगणं सांगा. तो कसा गायचा, नाताळला चांदणी कोण लावायचं, ते सांगा. आणि जो थकला असेल त्याने आज माझ्याकडे यावं, माझं दार उघडं आहे, हे शब्द व्यासपीठावरून मोठ्याने म्हणा.

पूर्वी जे कुंपणालगत पुरले गेले, त्यांचंही राहिलं आहे. पुनरुत्थानाच्या सणाला आपण कबरी झाडतो, चुना देतो, फुलं वाहतो. त्या पहाटे पाळकांनी त्या कोपऱ्यापर्यंत चालत जावं, नावं वाचावीत आणि जो विधी तेव्हा दिला नाही तो घरच्यांची इच्छा असेल तर आता द्यावा.

येत्या पास्टरेट कमिटीच्या, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीच्या, सभेत हा विषय घ्या आणि साध्या शब्दांत ठराव करा: मरण कसं आलं यावरून या मंडळीत दफनविधी, घंटा, देऊळ आणि कबरेची जागा यांत भेद केला जाणार नाही. ठराव पाळकांच्या मर्जीचा नको, मंडळीच्या वहीतला हवा, म्हणजे बदली झाली तरी टिकेल. दफनभूमी समितीच्या नियमांत तो लिहून फलकावर लावा. आपल्या वरच्या धर्मसंस्थांकडे, म्हणजे डायोसिसकडे आणि सिनॉडकडे, त्याची प्रत पाठवा. पाळकांच्या प्रशिक्षणात मानसिक आजारांची ओळख आणि शोकग्रस्त घराची भेट हे विषय घ्या. आपल्या मंडळ्यांत निवृत्त परिचारिकांची वाण नाही, त्या आनंदाने शिकवतील. देवळाच्या सूचनाफलकावर टेली मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक लावा. तो सरकारी आहे, मोफत आहे, रात्रंदिवस चालतो आणि मराठीतून बोलता येतं. रविवारच्या सूचनांमध्ये, लग्नाच्या वाचनांबरोबर, तो क्रमांक वाचून दाखवायला अर्धं मिनिटही लागत नाही.

ज्या मंडळीला सभेपूर्वी यावर बोलायचं असेल तिथे मी एसटीने येईन. शास्त्रवचनं सोबत आणीन, विरोध करणाऱ्या वडिलांचं सगळं ऐकून घेईन. ठराव झाला तर मला कळवा, आणि नामंजूर झाला तर कारणासकट कळवा.

प्रभूच्या सेवेत आपली,
एक निवृत्त परिचारिका व मंडळीची सभासद